"आधी दारू सुटू दे, सिगारेटचं नंतर बघू" : हा सल्ला खरंच रुग्णाच्या भल्याचा आहे का?

पानगळ :

व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून मला अकरा वर्षं झाली. भरतीचा अर्ज आता तोंडपाठ आहे. दारू कधीपासून, किती, शेवटची कधी घेतली, हात थरथरतात का, झटके आले होते का, घरात कोण कोण आहे. सिगारेटचा रकाना त्यात आहे, पण तिथे "हो" लिहून आम्ही पुढे जातो. त्या "हो"च्या पुढेही काही विचारायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. शिकवलं ते असं, की एका वेळी एकच लढाई. दारू सुटतेय ना, मग तेवढा एक विरंगुळा राहू दे.

गेल्या महिन्यात आमचे एक जुने रुग्ण भेटायला आले. दारू सोडून नऊ वर्षं झालेली. नव्या मुलांशी बोलायला ते दरवर्षी येतात. या वेळी जिना चढून आले आणि खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटं त्यांना शब्द फुटेना. ओठ निळसर पडले होते, गळ्याजवळची हाडं दर श्वासाला वर येत होती. दम जरा बसल्यावर म्हणाले, "ताई, तुम्ही मला सगळं विचारलंत. बायकोवर हात उचलला का, तेही विचारलंत. सिगारेट सोडायचीय का, एवढंच नाही विचारलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग वाचायला बसले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रिचर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी १९७२ ते १९८३ या काळात व्यसनमुक्तीसाठी भरती झालेल्या ८४५ जणांचं पुढे काय झालं याचा माग काढला होता. तो अभ्यास १९९६ साली छापून आला. मृत्यूचं कारण कळलेले २१४ जण होते. त्यांतले ५०.९ टक्के तंबाखूशी जोडलेल्या आजारांनी गेले, आणि दारूशी जोडलेल्या कारणांनी ३४.१ टक्के. ज्यातून माणसाला ओढून काढायला आपण जीव टाकतो, त्याहून जास्त माणसं आपण न विचारलेल्या गोष्टीनं नेली.

म्हणून हा धागा. दोन्ही व्यसनांवर एकदम उपचार करावेत की एकामागून एक? आणि ज्यांना आधीच मानसिक आजार आहे, डोक्यावर छप्पर नाही, अशांवर हे ओझं टाकावं का? रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, सगळ्यांनी लिहा. मला खरंच शिकायचं आहे.

निवांत :

ताई, तुमची तळमळ पोचली. पण मी खाटेवर झोपलेल्या बाजूचा माणूस आहे आणि मला तुमचा रोख पटत नाही.

दारू सोडून मला चार वर्षं दोन महिने झाले. तिसरी रात्र अजून आठवते. अंगातून घाम नुसता वाहत होता, भिंतीवर मुंग्या चालताना दिसत होत्या, आणि दाराला आतून कुलूप नव्हतं. मी ठरवायचो, ही सिगारेट विझेपर्यंत थांबू. ती विझली की म्हणायचो, आता पुढची विझेपर्यंत. असं करत उजाडलं. त्या रात्री कुणी माझ्या हातातून ते पाकीट काढून घेतलं असतं तर मी गेटबाहेर असतो, आणि गेटबाहेर काय होतं ते मला माहीत आहे.

अजूनही ओढतो. दिवसाला पंधरा-सोळा. अभिमान नाही. पण जी काठी धरून मी चाललो, ती काढून घ्यायला निघालेल्यांनी आधी दुसरी काठी हातात द्यावी.

कोरा कागद :

वाचतोय. वेगळा विषय काढलात.

सायली_न :

निवांतदादा, तुमची रात्र वाचून अंगावर काटा आला. मी मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे. तुमच्या अनुभवाशी भांडत नाही, पण त्याच्या पोटात काय चाललं होतं ते सांगते.

निकोटीन रक्तातून फार लवकर उतरतं. दोन तासांत साधारण निम्मं. उतरलं की माणूस चिडतो, बेचैन होतो, लक्ष लागत नाही. सिगारेट ओढली की बरं वाटतं. दिवसभर हे पंधरा-वीस वेळा घडतं, म्हणून माणसाची खात्रीच पटते की सिगारेट आपलं मन शांत ठेवते. खरं तर आधीच्या सिगारेटनं लावलेली आग पुढची विझवत असते. बाकीच्या दुःखाला तिचा हातही लागत नाही.

जेमा टेलर यांच्या गटानं २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलं. सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाले होते. मानसिक आजार असलेल्यांतही हा फरक तेवढाच होता. आमच्या विभागात तर वर्षानुवर्षं उलटंच बोललं जायचं, की "सिगारेट काढली तर वॉर्ड पेटेल". मीही हेच बोलायचे.

अनुस्वार :

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनांवर काम करतो. पानगळताईंच्या मूळ प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पुरावा सरळ रेषेत नाही आणि तो सरळ असल्यासारखा मांडू नये.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते. जोसेफ गायडिश यांच्या गटानं २० देशांतली आकडेवारी २०१६ मध्ये एकत्र केली. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ८४ टक्के धूम्रपान करणारे निघाले. त्याच देशांतल्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्यांत न ओढणारा हाच अपवाद.

आता "एकदम की नंतर". ज्युडिथ प्रोचास्का यांनी २००४ मध्ये १९ चाचण्या एकत्र पाहिल्या. ज्यांना व्यसनमुक्तीच्या काळातच धूम्रपान सोडायला मदत दिली गेली, त्यांची दारू आणि इतर अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त आढळली. हे वाचून आम्ही सगळे हरखलो होतो.

पण त्याच वर्षी ॲन जोसेफ यांची ४९९ जणांवरची चाचणी आली. निम्म्यांना दारूच्या उपचारांसोबतच सिगारेटवर उपचार, निम्म्यांना सहा महिन्यांनी. दीड वर्षानंतर सिगारेट सुटलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. मात्र दारूपासून दूर राहिलेले लोक "सोबतच" गटात कमी निघाले. हा निष्कर्ष मला आवडत नाही, म्हणून तो लपवायचा नाही. निवांत जे सांगताहेत ते यात कुठेतरी आहे.

पुढे २०१६ मध्ये कॉक्रेनचा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला. ३५ चाचण्या, ५७९६ माणसं. औषधं दिली, किंवा औषध आणि समुपदेशन दोन्ही दिलं, तर सिगारेट सुटण्याची शक्यता वाढते. नुसत्या समुपदेशनानं ती वाढल्याचं दिसलं नाही. आणि दारू-ड्रग्जच्या बाजूला फायदा किंवा तोटा, काहीच दिसलं नाही.

निवांत :

म्हणजे डॉक्टर, माझं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

अनुस्वार :

अजिबात नाही. पण जोसेफ यांच्याच चाचणीतली दुसरी बाजूही पाहा. मदत लगेच देऊ केली तेव्हा ७८.५ टक्के लोक त्या उपचारांत सहभागी झाले. सहा महिन्यांनी देऊ केली तेव्हा ६४.५ टक्के. "नंतर बघू" म्हटल्यावर काही माणसं नंतर सापडतच नाहीत. आणि चाचणीत तरी कुणीतरी फोन करून बोलावत होतं. प्रत्यक्षात केंद्रातून बाहेर पडल्यावर सहा महिन्यांनी सिगारेटबद्दल विचारायला कोण येतं? कुणीच नाही.

माझं मत असं झालंय : पहिल्या दिवशी विचारायचं, औषध पुढे ठेवायचं, वेळ रुग्णानं ठरवायची. सक्ती करायची नाही आणि गप्पही बसायचं नाही. पानगळताईंच्या त्या गृहस्थांनी मागितलं होतं ते एवढंच, एक प्रश्न.

मोठीबहीण :

मी इथे फारसं लिहीत नाही. पण हे लिहायलाच हवं.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बारा वर्षं क्लोझापिन या त्यावरच्या औषधावर आहे आणि त्या गोळीनं आम्हाला आमचा मुलगा परत दिला. तो खूप ओढायचा, दिवसाला दोन पाकिटं. दोन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेसाठी एका रुग्णालयात भरती केलं. तिथे धूम्रपानाला बंदी, आणि मला तर आनंदच झाला की चला, आपोआप सुटेल.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून तो बदलला. दिवसभर झोप. उशी लाळेनं ओली. उठवून संडासला नेताना भिंतीला धरून चालायचा, पाय दोन ठिकाणी पडायचे. मी सांगितलं तर उत्तर मिळालं, "मानसिक रुग्ण आहे ना, असं होतं." आठव्या दिवशी त्याला झटका आला. मग कुणीतरी रक्तातली क्लोझापिनची पातळी तपासली. जवळपास दुप्पट निघाली. गोळी तीच, डोस तोच, वेळेवर देणारी मीच. मला वाटलं, माझ्याच हातून चूक झाली. कितीतरी रात्री मी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजत बसले होते.

मात्रा :

मोठीबहीणताई, तुमच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं. मी औषधनिर्माता आहे. हे का होतं ते जमेल तेवढं सोपं करून लिहितो.

आपल्या यकृतात सीवायपी१ए२ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. क्लोझापिन आणि त्याच प्रकारचं ओलान्झापिन शरीराबाहेर काढायचं बरंचसं काम त्याच्याकडे. सिगारेटच्या धुरात जे पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात, ते या विकराला कामाला जुंपतात, त्याचं प्रमाण वाढवतात. म्हणून ओढणाऱ्याच्या शरीरातून ही औषधं भराभर निघून जातात आणि डॉक्टरला डोस जास्त ठेवावा लागतो. धूर बंद झाला की आठवड्याभराच्या आत विकर मूळ वेगावर येतं. डोस मात्र जुनाच चालू असतो. औषध साठत जातं. झोप, लाळ, तोल जाणं आणि शेवटी झटके, तुम्ही पाहिलंत तेच.

यातलं एक फार कमी लोकांना ठाऊक असतं : हे सगळं धुराचं काम, निकोटीनचं नाही. त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी लावली किंवा गोळी चघळायला दिली तरी हा परिणाम थांबत नाही. "पट्टी लावलीय, म्हणजे डोसला काही होणार नाही" हा समज मी जाणत्या लोकांकडूनही ऐकलाय. आणि कॅफीनही याच वाटेनं बाहेर पडतं. सिगारेट सोडल्यावर नेहमीएवढीच कॉफी प्यायली तरी ती जास्त चढते. मग छाती धडधडते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यामुळे आपण वेडे व्हायला लागलो.

वाचणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती. यावरून कुणीही आपल्या मनानं गोळी कमी करू नका. सोडायचं ठरलं की आधी डॉक्टरला सांगा. रक्ताची पातळी बघून डोस उतरवता येतो.

मोठीबहीण :

धन्यवाद. हे मला कुणी एवढं उलगडून सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ तरी हवी होती. कारण पुढचं ऐका. डोस कमी करून तो घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाकीट आणलं. महिन्याभरात आवाज परत ऐकू यायला लागले.

मात्रा :

हो, गाडी उलटीही तशीच फिरते. धूर सुरू झाला की पातळी खाली.

धुकं :

प्रतिसाद आवडले. पण एक शंका. मी वाचलं होतं की स्किझोफ्रेनिया असलेल्यांना निकोटीनमुळे मेंदूला मदत होते, लक्ष लागतं, म्हणून ते एवढं ओढतात. एक प्रकारे स्वतःच स्वतःवर उपचार. मग ते काढून घेणं अन्याय नाही का? माझा मित्र म्हणतो, "माझ्याकडे दिवसाला आनंदाच्या वीस गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या या पाकिटात आहेत." त्याला मी काय सांगू?

अनुस्वार :

मित्राचं वाक्य मनात राहील.

निकोटीननं लक्ष काही काळ सुधारतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण त्यावरून "त्यांना ओढू द्या" इथपर्यंतची उडी कुणी मारायला लावली, तेही पाहायला हवं. प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांची उघड झालेली अंतर्गत कागदपत्रं तपासून २००८ मध्ये लिहिलं, की या "स्वतःवरच उपचार" कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनावर कंपन्यांचं लक्ष होतं, काहींना त्यांचा पैसाही होता. रुग्णालयांतल्या धूम्रपानबंदीतून मनोरुग्णांचे विभाग वगळले जावेत यासाठीही हालचाली झाल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, देशात ओढल्या जाणाऱ्या सिगारेटींपैकी सुमारे ४४ टक्के मानसिक आजार असलेले लोक ओढतात असा अंदाज निघाला होता. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडेल?

आणि निकोटीन हवंच असेल तर ते पट्टीतूनही मिळतं. जीव घेतो तो धूर. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात आणि त्यातला मोठा वाटा हृदय आणि फुफ्फुसांच्या आजारांचा असतो. मित्राला हे आकडे सांगू नका. त्याला विचारा, एकविसावी गोष्ट कोणती असावीशी वाटते.

शांतरस :

ते सिगारेट सोडायला देतात ते व्हॅरेनिक्लिन नावाचं औषध आहे ना? त्यानं आत्महत्येचे विचार येतात म्हणे. आमच्या ओळखीतल्या एकाला नैराश्य आहे म्हणून डॉक्टरांनी ते द्यायलाच नकार दिला.

सायली_न :

ही भीती २००९ मधली. तेव्हा अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेनं व्हॅरेनिक्लिन आणि त्याच कामाचं ब्युप्रोपिऑन दोन्हींवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला होता. मग या प्रश्नासाठीच ईगल्स नावाची मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. ८१४४ माणसं, त्यांतल्या ४११६ जणांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, निकोटीनची पट्टी आणि औषध नसलेली गोळी, चौघांची तुलना केली. या औषधांमुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तो इशारा काढला.

यशाचं म्हणाल तर मानसिक आजाराच्या गटात नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग दूर राहिलेले व्हॅरेनिक्लिनवर १८.३ टक्के, रिकाम्या गोळीवर ८.३. म्हणजे दुपटीहून जास्त. बाकीच्या ऐंशी टक्क्यांची सुटली नाही हेही खरं. त्यांना आम्ही पुन्हा बोलावतो.

अनुस्वार :

+१. फक्त एक जोड : त्या चाचणीत आजार स्थिर असलेलेच रुग्ण घेतले होते. आजार उसळलेला असेल तर निर्णय त्या त्या डॉक्टरनं समोरचा माणूस पाहून घ्यायचा. पण "नैराश्य आहे, म्हणून औषध नाही" हे आता टिकत नाही.

रोखठोक :

सगळं वाचलं. एक स्पष्ट बोलतो. शेवटी हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. माझ्या वडिलांनी एका दिवसात सोडली, ना गोळी ना पट्टी. औषधांची सवय लावण्यापेक्षा मन घट्ट करा.

निवांत :

रोखठोक, तुमच्या वडिलांना नमस्कार. मनापासून. पण दारू सोडणाऱ्या माणसाला इच्छाशक्ती शिकवू नका. ती आम्ही रोज सकाळी उठून वापरतो.

पानगळ :

रोखठोक, आधाराविना सोडणारे लोक आहेतच आणि त्यांचं कौतुकच आहे. पण कॅनडात एका गटाला तीन वर्षं पाहून २०१६ मध्ये जे गणित मांडलं गेलं, त्यात वर्षभर सिगारेटपासून दूर राहता येण्याआधी सरासरी ३० किंवा त्याहून जास्त प्रयत्न होऊ शकतात असं निघालं. त्याआधी पाच-सात म्हटलं जायचं. आमच्याकडे येणारा माणूस आठव्या प्रयत्नाला "माझ्यात दमच नाही" म्हणून थांबतो. त्याला कुणीतरी सांगायला हवं की तू अजून वाटेवर आहेस.

वाटसरू२२ :

बेघर लोकांच्या निवाऱ्यात काम करतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

एक म्हणजे, "त्यांना सिगारेट सोडण्यात रस नसतो, त्यांच्यापुढे त्याहून मोठे प्रश्न आहेत" हे बाहेरच्यांचं बोलणं. मी विचारतो तेव्हा बरेच जण हो म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटामध्ये ४३० बेघर लोकांवर एक चाचणी झाली होती, २०१३ मध्ये आली. सगळ्यांना निकोटीनची पट्टी, आणि अर्ध्यांना त्याशिवाय मनमोकळ्या बोलण्याच्या सहा बैठका. सव्वीस आठवड्यांनी बैठकांच्या गटात ९.३ टक्के सुटले होते, दुसऱ्या गटात ५.६. फरक एवढा नव्हता की ठामपणे यश म्हणावं. पण ज्यांचा पत्ता नाही अशा माणसांतले तीन चतुर्थांश लोक शेवटपर्यंत टिकले. मला त्या आकड्याचं जास्त वाटलं.

दुसरं, आमच्याकडे सिगारेट हे चलन आहे. रात्री कुणाशेजारी झोपायचं, कुणी तुमच्या पिशवीवर लक्ष ठेवायचं, हे एका सिगारेटवर ठरतं. मागच्या थंडीत एका आजोबांनी सोडली. आठवड्याभरात एकटे पडले, कारण ज्या घोळक्यात उभे राहायचे तो धुराचाच होता. मग आम्ही त्यांना दाराशी नोंदवहीवर बसवलं. आता सगळे येता-जाता त्यांच्याशी बोलतात. पट्ट्यांचं खोकं त्यांच्याच टेबलावर असतं.

कोरा कागद :

वाटसरू, हे फार सुंदर.

अवांतर : बक्षिसं देऊन सोडवतात असं ऐकलंय. ते कितपत चालतं?

सायली_न :

चालतं, आणि चांगलं चालतं. ग्लासगोमध्ये ६१२ गरोदर बायकांवर चाचणी झाली, २०१५ मध्ये आली. सिगारेट सोडली तर टप्प्याटप्प्यानं मिळून ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपनं. कुपनांच्या गटात २२.५ टक्के जणींनी सोडली, नेहमीच्या मदतीच्या गटात ८.६.

सुटली की नाही हे तपासायला एक साधं फुंकयंत्र असतं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग सावकाश शेवटपर्यंत फुंकायचं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात दिसतो. आमच्याकडच्या एका काकूंचा पहिला आकडा २६ होता. त्या रोज फुंकायला यायच्या. एका सकाळी आकडा ३ आला, तर त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेऊन शेजारच्या खाटेवर नेऊन दाखवलं. बक्षीस वगैरे काही नव्हतं आमच्याकडे. तो ३ च बक्षीस झाला.

रोखठोक :

तरीही पैसे देऊन चांगलं वागवणं मला पटत नाही. उद्या पैसे थांबले की?

वाटसरू२२ :

रास्त प्रश्न. थांबल्यावर काही जण परत वळतात. पण गर्भाला ते नऊ महिने परत मिळत नाहीत. त्या काळापुरती सुटली तरी बाळाच्या पदरात पडलेलं कुणी काढून घेत नाही.

रोखठोक :

हे मान्य.

शांतरस :

मानसिक आजार असलेल्यांसाठी काही वेगळी पद्धत आहे का? की सगळ्यांना तेच?

अनुस्वार :

आहे, आणि ती मला फार माणुसकीची वाटते. ब्रिटनमध्ये सायमन गिल्बडी यांच्या गटानं स्किमिटर प्लस नावाची चाचणी केली, २०१९ मध्ये आली. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेले ५२६ लोक. नेहमीच्या धूम्रपानमुक्ती सेवेत तारीख ठरवायला लावतात आणि त्या दिवशी बंद. इथे तसं नाही. मानसिक आरोग्यात काम करणारा माणूस घरी जायचा. तारीख ठरण्याआधीही निकोटीनची औषधं सुरू करता यायची. आधी कमी करत जायचं. घसरलं तर पुन्हा वेळ द्यायचा. सहा महिन्यांनी १४ टक्के सुटले, नेहमीच्या सेवेत ६. वर्षानंतर १५ आणि १०, तिथे फरक ठाम राहिला नाही. म्हणजे काळ गेला तसं दोन्ही गटांतलं अंतर कमी झालं. मग आधार लांबवायला हवा.

सर्वसाधारण लोकांत मात्र एकदम सोडणं जरा सरस निघालंय. ६९७ जणांवरच्या २०१६ च्या एका चाचणीत चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकले, हळूहळू कमी करणाऱ्यांतले ३९.२. म्हणून एकच नियम सगळ्यांना लावता येत नाही.

निवांत :

तीन दिवस हा धागा मागे-पुढे वाचतोय. सायलीताई, एक विचारतो. मी उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली पेटवतो. दारू परत येईल याची भीती आहे, ती खोटी नाही. पण पानगळताईंच्या त्या गृहस्थांचा जिना डोळ्यांपुढून जात नाही. मी पण दुसऱ्या मजल्यावर राहतो. सुरुवात कशी करायची?

सायली_न :

निवांतदादा, आधी तुमच्या डॉक्टरांना आणि तुमच्या गटातल्या सोबत्याला सांगा की सुरू करतोय. दारूची ओढ वाढली तर त्याच दिवशी फोन. ही अट पक्की.

पाच मिनिटांत पहिली म्हणजे निकोटीनची पकड घट्ट आहे. तेव्हा नुसती पट्टी पुरत नाही. पट्टी आणि वर चघळायची गोळी, दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. डोस डॉक्टर ठरवतील. गोळी भराभर चावायची नाही. जिभेला झणझणलं की थांबून गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की पुन्हा दोनदा चावायची. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नको, तोंडात निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो.

आणि तुम्ही पहिल्याच प्रतिसादात म्हणाला होतात, दुसरी काठी हातात द्या. ही ती.

पानगळ :

सगळ्यांचे किती आभार मानू. आमच्याकडे सोमवारी बैठक घेतली. अर्जात "हो"च्या खाली चार ओळी वाढवल्या : उठल्यावर किती वेळानं पहिली, आधी कधी सोडून पाहिली का, आत्ता मदत हवी की पुढे, आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू आहे का. शेवटची ओळ मोठीबहीण, तुमची. दोन सहकारी अजूनही विरोधात आहेत. पण चहाच्या सुट्टीत रुग्णांच्या घोळक्यात उभं राहून कर्मचाऱ्यांनी ओढायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

आज पहिला नवा अर्ज भरला. तिशीतला मुलगा. "आत्ता मदत हवी की पुढे?" विचारल्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे पण सोडवता तुम्ही?"

मोठीबहीण :

ती ओळ वाचून मी भावालाही दाखवली. काही बोलला नाही. पण पाकिटातून एक काढून परत आत ठेवली.

निवांत :

आज सकाळी पट्टी लावली. उजव्या दंडावर. जरा खाज सुटलीय.

सायली_न :

थोडी चालते. उद्या डाव्या दंडावर लावा, जागा रोज बदलायची. फारच लाल झालं तर कळवा. संध्याकाळी कसं वाटतंय ते लिहा, मी रात्रपाळीला आहे.